मीडिया हा काय शाळेत शिकायचा विषय आहे का? (वाचकांचे प्रश्न)

मागच्या अंकात दहावीनंतर कला शाखा घेणाऱ्या मुलांबद्दल लिहिलं होतं, त्यावर आलेल्या पत्रांत आणि मेसेजेसमध्ये निम्म्याहून जास्त लोकांनी वेगळंच विचारलंय. शाळेतच मल्टिमीडिया, मास मीडिया असे विषय आलेत, ते घ्यावेत की नाही. म्हणून या वेळी फक्त तेच. नावं नेहमीप्रमाणे काढून टाकली आहेत.

ताई, मुलगा आता नववीत जाईल, सीबीएसई. शाळेने सहावा विषय म्हणून मल्टिमीडिया, आयटी आणि एआय असे तीन पर्याय दिलेत आणि सोमवारपर्यंत फॉर्म भरून द्यायचाय. त्याला मल्टिमीडियाच पाहिजे, दिवसभर मोबाईलवर व्हिडिओ कापत बसलेला असतो. मिस्टर म्हणतात एआय घे, पुढचा जमाना त्याचा आहे. सासरे म्हणतात सगळा टाइमपास आहे, त्यापेक्षा संस्कृत घे म्हणजे मार्क पडतील. मला काहीच सुचेना झालंय. – एक आई, नाशिक

आधी सासऱ्यांचं बघू कारण ते सोपं आहे. संस्कृत भाषांच्या रांगेत बसतं आणि हे तिन्ही विषय स्किल सब्जेक्टच्या, म्हणजे कौशल्याच्या विषयांच्या रांगेत, त्यामुळे त्यांची एकमेकांशी मारामारीच नाही. शाळेच्या फॉर्मवर संस्कृत आणि मल्टिमीडिया दोन्हीवर टिक करता येते का ते विचारा, बऱ्याच ठिकाणी येते.

आता तिघांतलं. मल्टिमीडियाचा कोड ४१५, आयटीचा ४०२, एआयचा ४१७. तिन्ही १०० मार्कांचे, त्यात ५० लेखी आणि ५० प्रॅक्टिकल. आणि त्या लेखी ५० मधले १० मार्क एम्प्लॉयेबिलिटी स्किल्सचे असतात, म्हणजे संवाद कसा साधायचा, स्वतःचं नियोजन कसं करायचं, पर्यावरण वगैरे, हा भाग तिन्ही विषयांत सारखाच, त्यामुळे "एआय अवघड, मल्टिमीडिया सोपा" असं जे पालकांच्या ग्रुपवर चालतं त्यात फारसा दम नाही. अजून एक नियम आहे जो शाळा सांगतात पण घाईघाईत सांगतात. सहावा विषय म्हणून स्किल सब्जेक्ट घेतला आणि दहावीला गणित, सायन्स किंवा सोशल सायन्स यातल्या एकात मूल नापास झालं तर त्या जागी हा सहावा विषय धरला जातो. तुमच्या मुलावर ती वेळ येऊ नये, पण जाळं खाली आहे हे माहीत असलेलं बरं. आणि नववीत यातलं काहीही घेतलं म्हणून अकरावीला सायन्सचं दार बंद होत नाही, तेव्हा मिस्टरांना सांगा की हा निर्णय जन्माचा नाहीये.

खरी अडचण वेगळीच आहे. तुमचा मुलगा मोबाईलवर व्हिडिओ कापतो म्हणून त्याला हा विषय आवडेल असं तुम्ही दोघांनी गृहीत धरलंय, आणि त्यानेही. मी बरीच वर्षं एडिटिंगच्या टेबलवर काढली आणि नंतर शाळांमध्ये हा विषय शिकवायला जायला लागले, तेव्हा सांगते, पहिल्या सहा महिन्यांत सगळ्यात जास्त कंटाळतात ती नेमकी हीच मुलं. कारण त्यांना सरळ टाइमलाइनवर उडी मारायची सवय असते आणि इथे आधी विचारतात, हे कुणासाठी करतोयस? किती मिनिटांचं? स्टोरीबोर्ड, म्हणजे एकेका शॉटचं कागदावर काढलेलं चित्र, कुठाय? फोटो घेतलास तो कुणाचा, परवानगी आहे का? जेपेग आणि पीएनजीमध्ये फरक काय, छापायला तीनशे डीपीआय का लागतो आणि स्क्रीनवर त्याचा काय उपयोग? हे सगळं वहीत लिहायचं असतं. मुलं म्हणतात मॅडम हे करत बसलो तर व्हिडिओ कधी करायचा. आणि मला विचाराल तर विषयाची सगळी किंमत त्या वहीतच आहे. सॉफ्टवेअर दोन वर्षांत बदलतं, दहावी होईपर्यंत त्याच्या हातातलं ॲप बंदही पडलेलं असेल, पण एखादी गोष्ट कागदावर आखून, दुसऱ्याला समजावून, दिलेल्या तारखेला पुरी करून द्यायची हे ज्याला पंधराव्या वर्षी जमलं तो पुढे इंजिनिअर झाला काय आणि वकील झाला काय, उपयोगी पडतंच.

म्हणून सोमवारच्या आधी एकच काम करा. शाळेत जा आणि मागच्या वर्षीच्या दहावीच्या मुलांच्या प्रोजेक्ट फाइल्स बघायला मागा. दोन-तीन चाळल्या की कळेल. सगळ्यांच्या फाइलमध्ये नेटवरून काढलेले तेच ते प्रिंटआउट असतील, रंगीत पेनाने बॉर्डर मारलेले, तर विषय घेऊ नका, खुशाल एआय किंवा आयटी घ्या. पण प्रत्येकाची फाइल वेगळी दिसली, खाडाखोड असलेले स्टोरीबोर्ड दिसले, बाईंनी पेन्सिलने "हा शॉट का?" असं मार्जिनमध्ये लिहिलेलं दिसलं तर डोळे मिटून घ्या. शाळेने फाइल दाखवायला का-कू केली तर तेही उत्तरच आहे.

मुलगी अकरावी, ह्युमॅनिटीज, सीबीएसई. तिला मास मीडिया स्टडीज घ्यायचंय, मी म्हणतो इकॉनॉमिक्ससोबत मॅथ्स ठेव. याला पुढे कॉलेजात कुणी विचारतं का? तिचं स्वप्न पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचं आहे. – एक वडील, ठाणे

विचारतात, पण तुम्हाला वाटतंय त्या अर्थाने नाही. विषयाचा कोड ८३५, लेखी ६० आणि प्रॅक्टिकल ४०. सिनेमा, टीव्ही, रेडिओ, छापील माध्यमं, इंटरनेट यांचा अभ्यास आणि थोडं लिहिणं-करणं. केंद्रीय विद्यापीठांच्या सीयूईटी या प्रवेश परीक्षेत मास मीडिया हा डोमेन सब्जेक्ट, म्हणजे निवडून पेपर देता येतो असा विषय, म्हणून आहे, तेव्हा दिल्ली-हैदराबादकडे जायचा विचार असेल तर तिथे थेट उपयोग होईल. मुंबई विद्यापीठाची मास मीडियाची पदवी बीएएमएमसी, म्हणजे आपण ज्याला अजून बीएमएमच म्हणतो ते, त्याला बारावी कुठल्याही शाखेची चालते. त्यासाठी अकरावीपासून मीडिया असायलाच पाहिजे असं काही नाही.

एफटीआयआयचं, म्हणजे पुण्याच्या त्या फिल्म इन्स्टिट्यूटचं म्हणाल तर तिथल्या तीन वर्षांच्या दिग्दर्शन, छायालेखन, संकलन असल्या मोठ्या कोर्सेसना ग्रॅज्युएशन लागतं. संस्था १९६० ची, प्रभात स्टुडिओच्या जागेवर उभी राहिलेली, आणि तिथे आजवर कॉमर्सवाले आले, इंजिनिअर आले, इतिहासवाले आले. अकरावीत मास मीडिया घेतलं म्हणून प्रवेश परीक्षेत अर्धा मार्कही जास्त मिळत नाही. उलट मी तर म्हणेन की दिग्दर्शन करायचं असेल तर इतिहास, सायकॉलॉजी, साहित्य यातलं काहीतरी खोलवर वाचलेलं असावं, नाहीतर कॅमेरा कसा धरायचा हे माहीत असतं आणि कशावर धरायचा हे माहीत नसतं.

पण म्हणून मॅथ्स ठेव हे तुमचं म्हणणं पटलं असं नाही. तिला मॅथ्स आवडतं का, हे तुमच्या पत्रात कुठेच नाहीये.

ताई मी नववीत आहे, स्टेट बोर्ड, मराठी माध्यम, आमचं गाव कराडपासून आत आहे. आमच्या शाळेत असला कुठलाच विषय नाही. मला ॲनिमेशन करायचंय. घरी पप्पांचा मोबाईल आहे तो संध्याकाळी मिळतो. चित्रं चांगली काढते असं सर म्हणतात. आमच्यासारख्यांनी काय करायचं?

तुझं पत्र मला या सगळ्या गठ्ठ्यात सगळ्यात जास्त आवडलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

असला विषय नाही असं तू म्हणतेस, पण तुमच्या चित्रकलेच्या सरांना विचार, शाळेतून एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला मुलं बसवतात का. कला संचालनालयाच्या शासकीय रेखाकला परीक्षा. तुझ्या आईवडिलांच्या वेळेपासून, खरं तर आजोबांच्या वेळेपासून चालू आहेत, आणि लोक त्यांच्याकडे बघतात फक्त दहावीच्या जादा मार्कांसाठी. ते मार्क मिळतातच, इंटरमिजिएटला ए ग्रेड आली तर ७, बी ला ५, सी ला ३. पण मार्क बाजूला ठेव आणि पेपर बघ काय काय असतात. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. आता तू मला सांग, स्मरणचित्र म्हणजे काय? समोर काही नसताना बसस्टँडवरची गर्दी किंवा विहिरीवरचा प्रसंग डोक्यातून कागदावर उतरवायचा, माणसं कुठे उभी, कोण पुढे, कोण मागे, बघणाऱ्याची नजर कुठून. स्टोरीबोर्ड काढणारे आर्टिस्ट रोज दुसरं काय करतात? संकल्पचित्र म्हणजे दिलेल्या चौकटीत रंग आणि आकार बसवायचे, ते ग्राफिक डिझाइन. अक्षरलेखन म्हणजे टायपोग्राफी. सीबीएसईच्या महागड्या शाळेत मल्टिमीडिया नावाने जे शिकवतात त्यातला निम्मा पाया आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलांना या परीक्षेत मिळतो, फक्त त्याला कुणी मीडिया म्हणत नाही. त्यामुळे दोन्ही परीक्षा दे. स्मरणचित्रात जीव ओत, तिथेच मुलं मार्क घालवतात कारण सगळे एकाच साच्यातली भाजीवाली पाठ करून जातात.

मोबाईलचं. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणला तेव्हा त्यांच्यावर पैसे लावायला कुणी तयार नव्हतं. मग त्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि तो उगवून वेल होईपर्यंत रोज थोडं थोडं चित्रित करत राहिले, आणि पडद्यावर दाखवलं की बघा, रोप डोळ्यांसमोर वाढतंय. भांडवल देणाऱ्याची त्यावर खात्री पटली आणि पुढे १९१३ मध्ये राजा हरिश्चंद्र आला. म्हणजे आपल्याकडच्या सिनेमाच्या आधी आली ती एका झाडाची टाइमलॅप्स. ही तुला जशीच्या तशी करता येईल. संध्याकाळी मोबाईल मिळतो ना, मग रोज संध्याकाळी त्याच वेळी, मोबाईल त्याच विटेवर त्याच खुणेवर ठेवून एक फोटो. मटकी घे, ती लवकर वर येते, वाटाण्यासारखा धीर लागत नाही. उजेड रोज सारखा राहायला पाहिजे हे तुला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आपोआप कळेल कारण फोटो एकामागे एक लावले की चित्र लुकलुकतं. मग तू जागा बदलशील, खिडकीच्या ऐवजी बल्बखाली जाशील. ते कळणं म्हणजेच सिनेमॅटोग्राफीचा पहिला धडा. मग खडू, काडेपेट्या, कापलेली कागदी बाहुली घेऊन स्टॉप मोशन कर, म्हणजे वस्तू जराशी हलवायची, फोटो काढायचा, परत हलवायची, परत फोटो. एका सेकंदाला बारा फोटो धरलेस तर हालचाल बरी दिसते, म्हणजे दहा सेकंदाला १२० फोटो. एवढं सगळं पप्पांच्या मोबाईलमध्ये ठेवायचं तर आधी त्यांना विचार, नाहीतर शेतीची बिलं आणि लग्नाचे फोटो डिलीट करून मोकळी होशील.

आवाजाचंही काम असतं हे विसरू नकोस. तुमच्याच सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी आहे, सामुदायिक रेडिओ, २००८ पासूनचा. शाळेची सहल कुठे न्यायची यावर दरवर्षी सरांची डोकेफोड होतेच, तर एकदा तिकडे न्या म्हणावं.

बारावीची चिंता आत्ता करू नकोस पण माहिती असू दे. बीएफएसाठी, म्हणजे चित्रकलेच्या पदवीसाठी, राज्याची एमएएच-एएसी-सीईटी ही प्रवेश परीक्षा असते, कुठल्याही शाखेची बारावी चालते, जेजे स्कूल ऑफ आर्ट, जिथे फाळके १८८५ मध्ये शिकायला गेले होते, ते त्यातलंच. डिझाइनच्या पदवीसाठी यूसीईईडी ही प्रवेश परीक्षा, ती आयआयटी मुंबई घेते, तिलाही शाखेची अट नाही. या दोन्हीत चित्र काढता येणं लागतं आणि विचार करता येणं त्याहून जास्त. ॲनिमेशनच्या खाजगी क्लासचे बोर्ड कराडलाही लागलेले असतील, "१०० टक्के जॉब" लिहिलेले. नववी-दहावीत त्यांच्याकडे पैसे भरू नको. पप्पांना हे वाक्य दाखव.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवतो. या वर्षी संस्थेने "मीडियाचा विषय सुरू करा" म्हणून माझ्याच गळ्यात मारला. लॅबमध्ये चालू पीसी दहा, चार जीबी रॅमचे, बजेट शून्य. पोरांना पोस्टर करायला लावलं तर जोडाक्षरं तुटून येतात. अर्थसंकल्पात शाळांना क्रिएटर लॅब देणार असं वाचलं, तोपर्यंत थांबावं का?

सर, थांबू नका. २०२६-२७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मुंबईच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीजच्या मदतीने १५,००० माध्यमिक शाळांत आणि ५०० कॉलेजांत अशा लॅब उभ्या करायची घोषणा झाली हे खरं आहे. पण देशातल्या शाळांची संख्या बघता १५,००० म्हणजे किती कमी, हे तुम्हाला मी काय सांगू. लॅब आलीच तर तिथे बसायला शिकलेली पोरं तयार असली पाहिजेत, नाहीतर नवे कोरे पीसी प्लास्टिकच्या कव्हरात राहतात, बघितलंय आपण सगळ्यांनी.

दहा पीसीवर थ्रीडी ॲनिमेशनच्या ब्लेंडरच्या वाटेला जाऊ नका, मशीन बसतील. पोस्टरला इंकस्केप आणि जिंप चालतील, दोन्ही फुकट. व्हिडिओला शॉटकट, पण क्लिप छोट्या आणि रेझोल्यूशन कमी ठेवून. माझा सल्ला मात्र असा की पहिली टर्म चित्राला हातच लावू नका, आवाजापासून सुरू करा. ऑडॅसिटी कुठल्याही जुन्या मशीनवर पळतं, रेकॉर्डिंग मोबाईलवर होतं, आणि पाच मिनिटांची श्रुतिका बसवायची म्हटलं की लेखन, वाचिक अभिनय, साउंड इफेक्ट, एडिटिंग, वेळेचं भान सगळं एकदम येतं. नारळाच्या करवंट्यांवर घोड्याच्या टापा, ताटात वाटाणे फिरवून पाऊस, पोरं वेडी होतात. आणि दहा पीसीला चाळीस मुलं असतील तर श्रुतिकेत बाकीच्या तीस जणांना खरोखर काम असतं, माऊसभोवती घोळका करून बघत बसावं लागत नाही.

जोडाक्षरांचं दुखणं माझ्या फार ओळखीचं आहे. पहिली शक्यता, कुणीतरी फोटोशॉपची जुनी कॉपी टाकलीये. त्यात प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली वर्ल्ड-रेडी लेआउट, जुन्या व्हर्जनमध्ये मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन, असा पर्याय असतो, तो निवडला की क्ष, ज्ञ, र्‍य सगळं जागेवर येतं. दुसरी शक्यता, ऑफिसातून आलेला मजकूर श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात टाइप केलेला आहे, तो युनिकोडमध्ये बदलूनच घ्यावा लागेल, दुसरा इलाज नाही. फॉन्टसाठी मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींनी केलेले 'मुक्त' आणि 'बलू' वापरा, गूगल फॉन्ट्सवर आहेत, लायसन्स खुलं आहे, शाळेच्या मासिकात छापले तरी कुणी विचारायला येणार नाही. आणि एक माझी खोड म्हणा, पण पोरांना मराठीचा ल आणि श ओळखायला शिकवा. बरेच फॉन्ट आपोआप हिंदी वळणाचे ल-श टाकतात आणि गावभर लागलेल्या फ्लेक्सवर तेच दिसतात. ज्या फॉन्टात मराठी वळण दिलेलं असतं तिथे मजकुराची भाषा हिंदीऐवजी मराठी निवडली की ते बदलतं. चौकातला फ्लेक्स बघून "सर, याचा ल हिंदी आहे" असं एखाद्या पोराने येऊन सांगितलं की समजा विषय सुरू झाला.

गाण्यांचंही बघा जरा. वर्गात शिकवताना, शिकताना एखादा तुकडा वापरायला कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये सूट आहे, पण ती वर्गापुरती. तोच व्हिडिओ गॅदरिंगनंतर शाळेच्या यूट्यूबवर झिंगाट लावून टाकला की ती सूट संपली. गावात एखादा हलगीवाला, एखादं भजनी मंडळ असेलच, त्यांना विचारून, त्यांचं नाव टाकून रेकॉर्ड करा. पोरांना फील्ड रेकॉर्डिंगही येईल.

नमस्कार, आम्ही इंग्लंडमध्ये स्लाउला असतो. मुलगी इयर नाइनमध्ये आहे आणि जीसीएसईचे, म्हणजे इथल्या सोळाव्या वर्षीच्या परीक्षेचे, ऑप्शन्स भरायचेत. शाळेत क्रिएटिव्ह आयमीडिया नावाचा विषय आहे, तिला तोच हवाय. इथल्या आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात एक काकू म्हणाल्या की चांगल्या युनिव्हर्सिटीज असल्या विषयांना ब्लॅकलिस्ट करतात. आणि मीडिया स्टडीज म्हणून दुसरा विषय आहे तो वेगळा का? शिवाय पोस्टर एआयने करून दिलं तर चालतं असं तिची मैत्रीण सांगते.

काकूंनी जे ऐकलंय ते जुनं आहे आणि तेही ए लेव्हलचं, म्हणजे तिकडच्या बारावीचं. रसेल ग्रुप या तिकडच्या नामवंत विद्यापीठांच्या गटाची "फॅसिलिटेटिंग सब्जेक्ट्स" म्हणून एक यादी होती, गणित, इतिहास, फिजिक्स अशा विषयांची, आणि तिच्यात मीडिया नव्हता म्हणून लोक त्याला ब्लॅकलिस्ट म्हणायला लागले. ती यादी २०१९ मध्ये त्यांनीच काढून टाकली. चौदाव्या वर्षी घेतलेल्या आठ-नऊ विषयांतल्या एकावरून कुणी मुलीचं नशीब ठरवत नाही, इंग्लिश-मॅथ्स-सायन्स नीट असलं म्हणजे झालं.

आता दोन विषयांतला फरक. क्रिएटिव्ह आयमीडिया ही ओसीआर बोर्डाची केंब्रिज नॅशनल आहे, म्हणजे जीसीएसई नाही पण तेवढ्याच वजनाची. सध्याचा अभ्यासक्रम सप्टेंबर २०२२ पासूनचा. लेखी परीक्षा एकच, दीड तासाची, ७० मार्कांची, तिला ४० टक्के वजन. उरलेल्या ६० टक्क्यांत २५ टक्क्यांचं एक युनिट सगळ्यांना सारखं, लोगो-व्हिज्युअल आयडेंटिटी आणि डिजिटल ग्राफिक्सचं, आणि ३५ टक्क्यांचं एक निवडीचं, कॉमिक्स, ॲनिमेशन, इंटरॲक्टिव्ह मीडिया, फोटो-व्हिडिओ किंवा डिजिटल गेम्स. "निवडीचं" म्हणजे बहुतेक वेळा शाळेने निवडलेलं, मुलीने नाही. तेव्हा आत्ताच विचारा की तुम्ही यातलं कुठलं शिकवता, कारण तिला गेम्स करायचे असतील आणि शाळा कॉमिक्स करून घेत असेल तर घरी रोज तोंड पाडून येईल.

जीसीएसई मीडिया स्टडीजचं उलटं आहे, ७० टक्के लेखी आणि ३० टक्के स्वतः करायचं काम. तिथे वर्तमानपत्राचं पहिलं पान, जाहिरात, टीव्ही सीरियलचा भाग घेऊन चिरफाड करायची, यात बायका कशा दाखवल्यात, हा चॅनेल कुणाच्या मालकीचा, प्रेक्षक कोण, असे निबंध. मुलगी जेवताना बातम्यांवर वाद घालणारी असेल तर मीडिया स्टडीज, हाताने काहीतरी बनवत बसणारी असेल तर आयमीडिया. पण आयमीडियात निबंध नाहीत म्हणून लिहिणं नाही असं समजू नका हां, क्लायंट ब्रीफ, मूड बोर्ड, ॲसेट लॉग, वायरफ्रेम, मग शेवटी आपल्याच कामाचं परीक्षण, कागद भरपूर आहेत आणि मार्क त्यालाच आहेत. सुंदर पोस्टर केलं पण ते कसं ठरवलं याचा पुरावा नाही, तर मार्क जातात.

ग्रेड्सही वेगळ्या, लेव्हल टू पास, मेरिट, डिस्टिंक्शन आणि डिस्टिंक्शन स्टार, आणि त्याखाली लेव्हल वनच्या. शाळांच्या लीग टेबलच्या, म्हणजे निकालांवरून शाळांची तुलना करणाऱ्या यादीच्या हिशेबात स्टारला ८.५ धरतात, डिस्टिंक्शनला ७, मेरिटला ५.५ आणि पासला ४. म्हणजे जीसीएसईतल्या नऊ या सगळ्यात वरच्या ग्रेडची बरोबरी कशानेच होत नाही, ज्यांना सगळीकडे नऊच पाहिजे असतात अशा आपल्या घरांमध्ये हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. सोळाव्या वर्षी सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे तिकडच्या अकरावी-बारावीला जायचं तर त्या त्या ठिकाणी केंब्रिज नॅशनल कितपत मोजतात ते त्यांच्या वेबसाइटवर लिहिलेलं असतं, दोन-तीन जवळच्या ठिकाणचं वाचून काढा. आणि तेव्हाही हेच करायचं असेल तर ए लेव्हलऐवजी मीडिया, ब्रॉडकास्ट अँड प्रॉडक्शनची टी लेव्हल आहे, सप्टेंबर २०२४ पासून. दोन वर्षांची, तीन ए लेव्हल्सच्या तोलाची, आणि त्यात कमीत कमी ३१५ तास खऱ्याखुऱ्या कंपनीत काम करावं लागतं. मला ती कल्पना फार आवडते, आपल्याकडे इंटर्नशिपच्या नावाखाली चहा आणायला पाठवतात.

मैत्रिणीचं ऐकू नका. तिकडच्या परीक्षा मंडळांचा नियम स्पष्ट आहे, एआय कुठे वापरलं ते सांगायचं, न सांगता वापरलं आणि स्वतःचं म्हणून दिलं तर तो गैरप्रकार. सांगून वापरलं तरी जे मशीनने केलं त्याचे मार्क तिला मिळणार नाहीत. तिला काय जमतं तेच तपासायचं असतं ना.

माझ्या मुलीच्या शाळेत सातवीपासून मीडिया क्लब आहे. तिचा इंटरव्ह्यू घेतलेला व्हिडिओ शाळेच्या चॅनेलवर टाकला, आम्हाला न विचारता. नावासकट, वर्गासकट. तिला खालच्या कमेंट्समुळे शाळेत जायला नको वाटतंय. तक्रार केली तर तिला क्लबमधून काढतील अशी भीती आहे. – पुणे

तक्रार म्हणून जाऊ नका, पण लेखी जा. मुख्याध्यापकांना दोन ओळींचा मेल, व्हिडिओची लिंक, "आमची संमती घेतलेली नाही, कृपया काढावा आणि यापुढे आधी लेखी विचारावं." २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण मूल धरलंय आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते असं तत्त्व आहे, त्याचा उल्लेख करायला हरकत नाही, धमकीचा सूर न लावता. बहुतेक शाळा तेवढ्यावर काढतात. काढेपर्यंत निदान कमेंट्स बंद करा म्हणून फोनवर सांगा, ते एका मिनिटाचं काम आहे. आणि आठवड्याभरात काहीच झालं नाही तर यूट्यूबवर प्रायव्हसी कम्प्लेंटचा फॉर्म असतो, तो तुम्ही पालक म्हणून भरू शकता, त्यासाठी शाळेची परवानगी लागत नाही. मुलीला मात्र क्लबमध्ये राहू द्या. तिलाच सांगा की क्लबसाठी संमतीची एक चिठ्ठी तयार कर, पालकांनी सही करायची. नाव दाखवायचं की नाही, चेहरा दाखवायचा की नाही, असे साधे दोन-तीन प्रश्न त्यात पुरतात. मी ज्या शाळांत जाते तिथे ही चिठ्ठी मुलंच लिहितात.